ग्रामसभेपुढे दोन गिनीपिग

आमच्या गावाचा सातवा नियम मी लिहिला आहे. तेव्हा मी दहावीत होते. गावाला जंगलाचा हक्क मिळाला होता, ग्रामसभेने नियम ठरवले होते आणि ते घरोघरी पोचवायला पत्रक काढायचं होतं. पत्रकं काढणं हे बाबांचं काम. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. दारूबंदीची, बांबूच्या हक्काची, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड उघडेनासं कसं होतं ते सांगणारी. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्या वर्षी बाबा म्हणाले, सातवा नियम तू लिही.

मी लिहिलं : जंगलातला कोणताही जीव घरात कोंडायचा नाही. जंगल आपलं आहे, म्हणून त्यातला जीव आपला कैदी होत नाही. कोंडलेला जीव सापडला तर तो सगळ्यांसमोर सोडून द्यायचा.

सभेत हे वाचलं गेलं तेव्हा माझी मान आठवडाभर ताठ होती. काही वर्षांनी तोच नियम माझ्या दारात येऊन उभा राहिला.

चंद्रपूरला शिकत असताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने दोन गिनीपिग पाळले होते. दोन्ही माद्या. एक काळी, एक भुरी. मैत्रिणीला पुण्याला नोकरी लागली आणि जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "यांना कुठे बागेत सोडून देऊ का?" मी इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या मुली दारात आल्या. खोलीत जन्मलेला जीव बागेत सोडणं म्हणजे कुत्र्याच्या ताटात वाढणं. दुसऱ्या दिवशी खोका मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले.

सावली गावापर्यंत दोघी गप्प होत्या. सावलीच्या स्टँडवर शेजारच्या बाईने भज्यांची पन्नी उघडली आणि खोक्यातून शिट्टी सुटली. एकीची, मग दुसरीची. पन्नी वाजली की सांबार आला, एवढं एकच शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात आणि मैत्रीण तो नेहमी पन्नीतूनच आणायची.

"बाई, मोबाईल बंद करा ना," कंडक्टर म्हणाला.

"मोबाईल नाई, भाऊ. भुकेजले हायेत."

त्याने खोक्यात डोकावून पाहिलं. "हाफ तिकीट लागन," तो म्हणाला आणि सगळी बस हसली.

घरी पडवीत बाबांनी बांबूची तट्टी वाकवून गोल कुंपण केलं. वर झाकण नाही, दार नाही. गिनीपिगला चढता येत नाही, त्यामुळे हातभर उंच कुंपण पुरतं. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा. आईने पहिल्या दिवशी त्यांना उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याची शेपूट कुठी गेली?" शेपूट नसतेच, हे तिला आजही खरं वाटत नाही.

त्यांच्या पायी आमचा दिनक्रम नव्याने लागला. सकाळी घरामागच्या सांदवाडीतला सांबार, दुपारी गवत, चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी पत्ताकोबीची बाहेरची पानं. लेंड्या वांग्याच्या झाडांना. उन्हाळ्यात कुंपणावर ओलं बारदान, कारण आमच्याकडचं ऊन त्यांना सोसत नाही. बाबांची उरलेली पत्रकं मी तणसाखाली अंथरत असे. "शेवटी कोणी तरी माह्या पत्रकावर बसून विचार करून राह्यलं," बाबा म्हणायचे. आणि खुशीत आल्या की दोघी उभ्या जागी हवेत उडायच्या, अंग मुरडायच्या, पुन्हा उडायच्या. हे पाहायला लोक धान झोडायचं सोडून यायचे.

हे चाललं असताना समोरच्या दुकानदाराने ग्रामसभेत तक्रार घातली.

त्याचा माझ्यावर राग होता. खर्रा घोटून त्याच्या पन्न्या तो दुकानामागच्या नाल्यात टाकायचा आणि आधीच्या सभेत मी त्याला त्यावरून उभं केलं होतं. आता त्याची पाळी होती. गोटुल म्हणजे गावाचं बैठकीचं घर; त्याच्यासमोरच्या मोहाच्या झाडाखाली सभा भरली. तो उभा राहिला आणि पत्रक काढून मोठ्याने वाचलं. माझीच वाक्यं.

"जीव कोंडायचा नाई. मंग हे काय हाय? सशाचे पिल्ले हायेत, रंग लावून आणले. सोडून द्या जंगलात, सगळ्यांसमोर."

मी उठले. आधीच ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. चढला. हा ससा नाही, हा प्राणी समुद्रापलीकडच्या डोंगरांतून आला, तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी तो पाळला, त्याला जंगलात राहणं आता येतच नाही, असं सगळं मी एका दमात सांगितलं.

"हे कुठी लिवलं हाय?" दुकानदार म्हणाला. "तूच लिवलं असन."

लोक हसले. आमच्या सभेत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, एक जरी माणूस नाही म्हणाला तरी निर्णय थांबतो. दुकानदार नाही म्हणत होता. आणि गावातली सगळ्यात वयस्क बाई, जिच्या शब्दावर मोहफुलं वेचायचा दिवस ठरतो, ती गप्प होती. माझ्या मागून कोणी तरी म्हणालं, "जाऊ दे ना, लहानसे तं हायेत. या बारीनं सोडून देऊ पोरीले."

ते मात्र मला सहन झालं नाही.

"नाई," मी म्हणाले. "नियम मी लिवला. तो माह्यासाठी वाकवू नका. आज माह्यासाठी वाकवला तं उद्या कोणासाठीही वाकन. हे जंगलाचे असन तं सोडा. पण हे जंगलाचे नाईत, आन चूक केली तं सांज व्हायच्या आत मुंगूस खाईन त्याहिले."

दुकानदाराच्या दुकानात पोपटाचा पिंजरा टांगलेला होता. वर्षानुवर्षं. येणाऱ्याला तो पोपट "या, बसा" म्हणायचा. इतका डोळ्यांच्या सवयीचा की तो कोणाला पिंजरा वाटतच नव्हता. माझ्या जिभेवर ते आलं होतं. पण सभेला निघताना बाबांनी बजावलं होतं, "त्याच्या पोपटाचं नाव काढू नको. दुसऱ्याकडं बोट दाखवून आपलं खरं होत नाई." मी जीभ दाताखाली धरली.

तेव्हा ती म्हातारी बाई बोलली.

"कागदावर काय हाय ते तुले ठाऊक, पोरी. जनावराले काय पाह्यजे ते जनावरालेच इचारू. आण इथी. कुत्रे बांधा. तू हाक मारायची नाई, हातात काई धरायचं नाई. सोड त्याहिले. जंगलाकडं गेले तं जंगलाचे. माणसाकडं आले तं माणसाचे."

मी बाबांकडे पाहिलं. ते मातीकडे पाहत होते. मी हो म्हटलं, कारण ही अट माझ्या नियमापेक्षा चांगली होती. पण खोका आणायला घरी जाताना मी झुडपांपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. गिनीपिग घाबरला की धावत नाही, गोठतो, आणि मग जवळच्या अंधाऱ्या जागेत घुसतो. मोहाच्या झाडापासून तीसेक पावलांवर झुडपं सुरू होत होती. अंधारी जागा म्हणजे जंगलच होतं.

मी खोका आडवा केला आणि रिकामे हात दाखवत मागे सरले.

दोघी बाहेर आल्या आणि दगडासारख्या बसल्या. सभाही तशीच बसली. मग भुरी हलली. नाक उचललं आणि झुडपांच्या दिशेने चार पावलं गेली. काळी तिच्यामागे. भुरीने गवत तोडलं, खाल्लं, आणखी चार पावलं गेली.

"चालले घराले," दुकानदार म्हणाला.

अशी चरत चरत भुरी झुडपांच्या अलीकडे, आठ-दहा हातांवर थांबली. हाक मारायची नव्हती. दुकानदार निवांत मांडी घालून बसला, जिंकल्यासारखा, आणि त्याने खिशातून खर्रा काढला. पन्नी तळहातावर धरली आणि घोटायला लागला.

कर्रर्र, कर्रर्र.

काळीने शिट्टी मारली. भुरी जागच्या जागी फिरली, तिने त्याहून मोठी शिट्टी मारली, आणि दोघी सुटल्या. चेंडू सोडावेत तशा. सभेच्या मधून, लोकांच्या चपलांवरून, म्हातारीच्या पायांशेजारून, थेट दुकानदाराच्या मांडीपाशी. भुरीने तर पुढचे पाय त्याच्या गुडघ्यावर ठेवले आणि पन्नीकडे नाक करून ओरडत राहिली.

"ओ! ओ! मी काय केलो?" तो मागे सरकत म्हणाला. "हटवा ना यांले!"

सभा फुटली. लोक मांड्या पिटून हसत होते. बाबांनी ज्या खर्र्याविरुद्ध अर्धं आयुष्य पत्रकं काढली, त्या खर्र्याने त्यांच्या पोरीचा खटला जिंकला होता. बाबा डोळे पुसत होते. हसून की कसे, ते मी विचारलं नाही.

"भाऊ, तुमच्याकडंच आले," म्हातारी म्हणाली. "तुम्ही माणूस होय ना?"

"होय तं."

"मंग हे माणसाचे. कोणाची ना हाय?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. भुरी अजून त्याच्या गुडघ्यावर होती. "माही ना नाई," तो पुटपुटला. एकमत झालं.

मला वाटलं सभा संपली. म्हातारी मात्र उठली नाही.

"आता मिठ्ठूलेही इचारू," ती म्हणाली.

मी शब्दही काढला नव्हता. दुकानदार म्हणाला, मिठ्ठू माणसाळला आहे, त्याला बोलता येतं, त्याने कधी जंगल पाहिलेलं नाही. "मंग भेव काऊन?" म्हातारीने विचारलं. तो गेला आणि पिंजरा घेऊन आला. त्याचं हे मी मान्य करते : तो आला. दार त्याने स्वतःच्या हाताने उघडलं.

पोपट दारात बसला. "या, बसा," म्हणाला. मग पिंजऱ्यावर चढला, पंख झाडले आणि मोहाच्या फांदीवर जाऊन बसला. दुकानदाराने पन्नी वाजवली. "ये मिठ्ठू, ये, ये." पुन्हा वाजवली. खाली माझ्या दोघी जीव खाऊन शिट्ट्या मारत होत्या. वर पोपटाने मान वाकडी करून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तो उडाला. सरळ, झुडपांवरून, सागाच्या पल्याड.

कोणी हसलं नाही. मग म्हातारीने टाळी वाजवली, एकच, आणि सगळा गाव टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

सातव्या नियमाखाली मी आता एक ओळ वाढवली आहे : शंका असेल तिथे दार उघडून जीवालाच विचारावं. वाक्य म्हातारीचं आहे, मी फक्त ते उतरवून घेतलं. नवीन पत्रकाची एक प्रत दुकानाच्या भिंतीवर लागली आहे, पिंजऱ्याच्या खिळ्यालाच अडकवलेली. दुकानदार आता पन्न्या पोत्यात भरून ठेवतो. पत्ताकोबीची पानंही ठेवतो. संध्याकाळी पोपटांचा थवा गावावरून गेला की तो दुकानातून बाहेर येतो आणि गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगतो, "त्याच्यात माहा हाय. बोलते तो."

मग आत जाऊन खर्रा घोटायला बसतो, आणि रस्त्याच्या अलीकडे माझ्या पडवीतून दोन शिट्ट्या उठतात.