नथ्थूजीचा नेम

नथ्थूजी गेल्याचं मला बडनेरा स्टेशनावर कळलं. कापसाच्या गठाणी डब्यात चढत होत्या आणि एका हमालानं जाता जाता सांगितलं, तापानं गेला. मी तिथंच गठाणीवर बसलो... महिना होत आला. आज लिहायला बसलो तो मात्र दुःखापेक्षा रागानं. भेटायला आलेली मंडळी त्याच्याच ओसरीवर बोलत होती, "मानूस चांगला, पन शेवटी नेम पार गेलता त्याचा." नेम गेला नव्हता. आता कापूस आगगाडीनं जातो, वाटेवर राखणदार लागत नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही.

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या काळ्या रानातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अमरावतीहून अकोल्याला माझ्या गाड्या जात आणि राखणीला ठासणीची बंदूक घेऊन नथ्थूजी. बाकीचे राखणदार बाजारच्या गोळ्या घेत. हा त्यांना हात लावत नसे. शिसं वितळवून गोळ्या त्याची बायको घरी ओतायची. हा एकेक गोळी नळीच्या तोंडाशी धरून बघायचा. घट्ट बसली तर ठेवायचा, जरा सैल वाटली की पुन्हा शिशात. "सैल गोळी कुटंबी जाते," म्हणायचा. इकडे बैल जुंपलेले आणि माझा जीव वरखाली. पण दसऱ्याला टांगलेला नारळ गोळीनं फोडावा तर त्यानंच.

काटेपूर्णा नदीच्या उताराला भरदुपारी लुटारू घोडेस्वार आडवे आले. नथ्थूजीनं पहिला बार पुढच्या घोड्याच्या पायाशी टाकला. ते थबकले. त्यानं लगेच दारू ओतली, गोळी घातली, ती तळाला ढकलायला गज दाबला... आणि गज मध्येच थांबला. पहिल्या बारानं नळीत काजळी धरली होती. त्यानं सगळ्या गोळ्या पारखल्या होत्या त्या धुतलेल्या, कोऱ्या नळीत. त्यानं गज ओढून काढला, बंदुकीचा घोडा चढवला आणि बंदूक खांद्याला लावली.

ओठ न हलवता मला म्हणाला, "भाऊ, गोळी अडकली. चाप ओढला तं नळी माह्याच तोंडावर फुटते."

"मंग?"

"मंग तू उगा राय."

त्यांचा म्होरक्या ओरडला, "बंदूक खाली ठेव."

"ठेवतो नं. पयले कोन मरते थे ठरवा."

किती वेळ गेला देव जाणे. माझ्या हातातला कासरा घामानं भिजला. नथ्थूजीची नळी मात्र हलली नाही. शेवटी त्यांनी घोडे वळवले. ते दिसेनासे झाल्यावर तो चाकाला टेकून खाली बसला आणि कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. त्याची बंदूक तेव्हा मुकी होती हे वाटेवर फुटलं असतं, तर ते पुन्हा आले असते.

पुढं तो गोळ्या मुद्दाम सैल निवडू लागला. बायको ओसरीतल्या दगडावर प्रत्येक गोळी घासून बारीक करायची. काजळलेल्या नळीतही ती सरळ तळाला जायची, पण नेम कसा लागणार? दसऱ्याला नारळ हलेना. पोरं हसली, मोठे हसले. तो कुणाला काही बोलला नाही. मला एकदाच म्हणाला, "लोकाईचं सोड भाऊ, पन घरचीबी हसते." तेवढं त्याला लागलं होतं.

म्हणून मंडळी उठून गेल्यावर मी वहिनींना काटेपूर्णेची सगळी हकीकत सांगितली.

"मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर नळीत कढत पानी मीच ओतलं. थे गजाले पेच लावून गोळी ओढून राहिले होते. इचारलं तं बोलले नाही. पन मले का समजत नाही?"

मला राग आवरेना. "मंग सगळ्यायसंगं तुमी कावून हसत होत्या?"

"मी नसती हसली तं लोकायनं इचारलं असतं, याचा नेम एकाएकी कसा गेला म्हून. घरच्या बाईचं हसू पाहून सारे हसले, खोदून कोनी इचारलं नाही."

ओसरीतला तो दगड तिथंच होता, शिशानं काळा पडलेला, मधोमध खळगा झालेला. वहिनींनी त्या खळग्यावर हात ठेवला.

"भाऊजी, मी कावून हसत होती थे त्याईले समजत होतं नं?"

"हो," मी म्हणालो. "मले सांगितलं होतं त्यानं."