घुमटाला काचेचे डोळे

माझी शाळा दुसरीपर्यंत, पण गवंडीकामात मला शिकवील असा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत नाय. तरी पेणच्या एसटी स्टँडवर भेटलेला तो अष्टमी गावचा माणूस माझ्या डोक्यातून जात नाय. जहाजावर नोकरी केलेला. बोलताना त्याचे हात हवेत घुमट बांधायचे.

तुर्कस्तानात त्यानं सुलतानांच्या काळचा हमाम पाहिला होता, सगळ्या गावानं न्हायची दगडी इमारत. जमिनीखाली भट्टी, मधे गरम दगडाचा ओटा, भिंतीला एक खिडकी नाय. वर घुमट, घुमटाला भोकं, भोकांत काचा. तशी लहानशी न्हाणी त्याला आईसाठी हवी होती. परसात माडाच्या झापांच्या आडोशाला म्हातारी अंधार असतानाच न्हायची, लोकांची नजर नको म्हणून. त्यात घसरून पडली होती.

"उजेड आत यावा, नजर येऊ नये," तो म्हणाला. "इथले गवंडी हसतात."

"हसणारच! भोकांचा घुमट नि कोकणचा पाऊस? म्हातारी बुडेल!"

त्यानं चहाचा रिकामा ग्लास मुठीवर पालथा घातला नि वरून पाणी ओतलं. हॉटेलवाला बोंबलला. मूठ कोरडी.

"काच अशी बसवायची, पालथी."

"काचेचं ठीक हाय. भोकाला उंच काठ पायजे. तुर्कानं केला असेल-नसेल, मी करीन."

केला. पुढं आषाढात थेंब गळला नाय. पण त्याआधी, न्हाणी झाली त्या पहिल्याच दिवशी, म्हातारी भर दुपारी दार लावून न्हायला बसली ती बाहेरच येईना. तो घाबरून हाका मारायला लागला.

"गप रे!" आतून आवाज आला. "आज माझे पाय मला दिसतायत."