पाहुण्या बाईंची साडी

व्हाक्वाहून निघताना माझ्या बॅगेत चार पँट, सहा शर्ट आणि एकच साडी होती. आपल्याकडे मॉरिशसमध्ये मराठी घरातली बाई साडी नेसते ती गणपतीला नाहीतर लग्नात, तीही दोघी-तिघींच्या मदतीने. शाळेत पँट-शर्ट. एकवीस वर्षं मी तशीच इंग्रजी शिकवत आले. आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलने एका सत्रासाठी बोलावलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी पत्रात लिहिलं होतं, "आमच्या शिक्षिका साडीत येतात. आपण पाहुण्या आहात, आपल्याला बंधन नाही."

दुसरं वाक्य मला खटकलं. चार महिने कोण पाहुणी म्हणून राहणार? मंचरच्या एसटी स्टँडवर उतरले ती थेट बाजारपेठेत गेले आणि पाच सुती साड्या घेतल्या. दुकानदार जैन, मूळचे राजस्थानातले, पण मराठी माझ्याहून सरस. "शाळेसाठी ना मॅडम? मग ह्या न्या. इस्त्री लागत नाही आणि खडू दिसत नाही."

शाळा निरगुडसरच्या पुढे, कांद्याच्या आणि उसाच्या रानात. खोली मिळाली पारूबाईंकडे, शाळेच्या फाटकासमोरच. पहिल्या रात्री त्यांनी मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) आणि झणझणीत रस्सा वाढला. सकाळी मला साडी नेसवली. निऱ्या खोचताना म्हणाल्या, "पोट आत घ्या बाई. आन शाळा सुटस्तवर जेवू नका लई."

आठवड्याभरात माझं मला नेसता येऊ लागलं. मुख्याध्यापक खूश. परिपाठाला (सकाळच्या प्रार्थनेला) त्यांनी मुलांसमोर माझं कौतुक केलं. शाळेत आणखी चार शिक्षिका होत्या. मी स्टाफरूममध्ये शिरले की त्यांचं बोलणं थांबायचं. लाजत असतील, असं मी धरून चालले. तिसऱ्या आठवड्यातही ते थांबतच राहिलं, तेव्हा लाजेचा हिशेब जमेना.

गणिताच्या जयश्री मॅडम नारायणगावहून रोज स्कूटीवर यायच्या. एका रविवारी मला लेण्याद्री दाखवा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले. पदर कमरेला खोचून पायऱ्या चढले. वर गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं, शेजारच्या लेण्यांत गार दगडावर पाठ टेकली. खाली जुन्नरची शेतं चौकटी मांडल्यासारखी दिसत होती. जयश्री मॅडम मोजकंच बोलत होत्या.

परतताना मी स्कूटीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते. दोन्हीकडे ऊस. अचानक खांद्याला हिसका बसला आणि गाडी डगमगून थांबली. माझा खोचलेला पदर सुटून मागच्या चाकात गेला होता. ओढला, निघेना. समोरून ट्रॅक्टर आला. चालवणारा ओरडला, "ओ ताई, हितं थांबू नका! कालच कुत्रं नेलंय त्यानं!"

"कोणी?" मी विचारलं.

"बिबट्यानं. दुसरं कोण?" जयश्री मॅडम म्हणाल्या आणि हॉर्नवर बोट दाबून धरलं. पर्समधल्या कात्रीने मी पदर कापला. आम्ही निघालो.

पुढच्या टपरीवर चहा घेताना त्या म्हणाल्या, "मॅडम, बोलू का? राग नका धरू."

"बोला."

"दोन वर्षं आमी चौघी ड्रेससाठी (सलवार-कमीजसाठी) अर्ज करतोय. मागच्या पावसाळ्यात मी अशीच पडले, हात मोडला. यंदा सर तयार व्हत आले व्हते. मग तुमी आलात. आता म्हणतात, परदेशातल्या बाई हौसेनं नेसतात, तुम्हालाच काय जड होतं?" त्यांनी कप खाली ठेवला. "घरचे म्हणतात, पुन्हा पडलीस तर नोकरी सोड. उद्याच्या सभेत अर्ज हाय. सर नाय म्हणणार."

चूक माझी होती. मी पत्र वाचून ठरवलं, साड्या घेतल्या, नेसायला शिकले. त्या चौघींना मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

सोमवारी आधी बॅगेतून पँट काढली, मग परत ठेवली. पाहुणीने पँट घातली तर ती पाहुणीची सवलत. यांना काय उपयोग? मी तीच कापलेली साडी नेसले.

सभेत अर्ज निघाला. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमच्या साडीचं गावात कौतुक आहे. जरा सांगा यांना."

"सांगते. माझी खोली फाटकासमोर आहे. साठ पावलं चालते, म्हणून साडी जमते. काल जयश्री मॅडमच्या गाडीवर बसले, तर हे झालं." मी पदराचं कापलेलं टोक टेबलावर ठेवलं. "सर, पटत नसेल तर एकदा धोतर नेसून नारायणगावपर्यंत स्कूटी चालवून बघा."

मग विज्ञानाचे सर कोपऱ्यातून म्हणाले, "धोतर मी देतो सर. वडलांचं हाय, नऊवार."

हसण्यात मुख्याध्यापकही सामील झाले आणि त्यांनी पेन उचललं. रोज ड्रेस चालेल, ओढणी हवी. झेंडावंदनाला आणि गॅदरिंगला साडी.

बाहेर व्हरांड्यात मी आभारांची वाट पाहत होते, हे कबूल करते. जयश्री मॅडम म्हणाल्या, "झालं ते बरं झालं. पण हेच मी बोलले व्हते मॅडम. त्याच टेबलाशी. हात प्लॅस्टरमध्ये घेऊन."

त्यांचं खरं होतं.

सत्र संपवून व्हाक्वाला परतले, पँट-शर्टात शाळेत रुजू झाले. तिकडे जायचं तर काय घालायचं, असं सहकारी विचारतात. मी सांगते, पत्रावर जाऊ नका. सगळ्यांत लांबून येणारी शिक्षिका कोण ते शोधा आणि काही विकत घेण्याआधी तिला विचारा.

मागच्या आठवड्यात जयश्री मॅडमचा मेसेज आला: "ओढणी चाकात जाता जाता वाचली. ओढणीऐवजी जाकीट चालावं म्हणून नवा अर्ज लिहिलाय. सभेत मीच वाचणार. तुमी हितं नाय तेच बरंय."