सरकारांची गळती

समस्त इंदापूरकरांनी हातातली कामं टाकून ऐकावं अशी ही वार्ता आहे: आमच्या शेजाऱ्यानं एका संस्थानिकाची जुनी आलिशान मोटार विकत घेतली होती!

तिला पेट्रोल कितीही पाजा, कमीच पडायचं. सुटे भाग थेट मुंबईहून यायचे. तिच्यापायी त्याची निम्मी डाळिंबाची बाग गेली. तरी तो बायकोला 'ए' म्हणायचा आणि मोटारीला 'सरकार'. ती बंद पडली की मान लववून सांगायचा, "सरकार दमल्यात. हाय का न्हाय?" आम्ही "व्हय" म्हणायचो आणि ढकलायला लागायचो.

तिचा रेडिएटर गळायचा. आत अंडं फोडलं की ते उकळत्या पाण्यात शिजून भोकात बसतं, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं. बायको खोकून खोकून काडी झालेली. डॉक्टरांनी तिला रोज अंडं द्यायला सांगितलं होतं. पण घरच्या कोंबड्यांची अंडी जायची सरकारांच्या पोटात.

शेवटी बायकोला बारामतीच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. मीही बरोबर होतो. भवानीनगरपाशी बॉनेटमधून वाफ उसळली. त्यानं मागच्या सीटवर निजलेल्या बायकोच्या ओटीतलं अंडं उचललं.

मी म्हणालो, "आबा, तेवढं तरी वहिनींना राहू द्या."

"सरकार हलल्याबिगर ही पोचंल कशी? हाय का न्हाय?"

ते खरंच होतं, म्हणून मी बॉनेट उघडायला उतरलो. नवऱ्यापुढं कधी ब्रही न काढणारी ती बाई मात्र ओरडली, "आवं, मीबी गळून गेलीया, मला द्या की ते!"