आमच्या वाचनालयाची इंटरनेटवरची वही

वाचनालयात पुस्तकाची नोंद रजिस्टरात होते. पुस्तक नेणारा काय बोलून गेला, त्याची नोंद कुठंच होत नाही. ते सगळं माझ्याजवळ साचतं. आता इतकं साचलंय की थोडं काढून ठेवल्याशिवाय नव्याला जागा नाही.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, संतपूरपासून जवळच. पंचायतीच्या इमारतीतली एक खोली म्हणजे वाचनालय; तिथलं रजिस्टर मी सांभाळते. कन्नड पुस्तकांची तीन कपाटं, मराठीचं एक. एके दिवशी पंचायतीचे अध्यक्ष मल्लप्पा आले, मराठीच्या कपाटावर बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ मला दाखवली.

"अक्का, हे कोण वाचायलंय? पाडव्यापर्यंत वाचणारे दाखवा. न्हाईतर पुस्तकं बीदरला पाठवतो आन कपाटात पंचायतीची कागदं ठेवतो."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. किराणा ज्या पेपरात बांधून यायचा त्याच्या तुकड्यांवर मराठी शिकले, बसच्या पाट्यांवर कन्नड. त्या कपाटातलं एकेक पुस्तक माझं वाचून झालंय. आणि हा मला धूळ दाखवतो!

आमची ग्रंथपाल सुमंगला म्हणाली, "अक्का, आपण ब्लॉग काढू."

"ते काय असतंय?"

"इंटरनेटवरची वही. आपण लिहायचं, लोकं फोनवर वाचतेत."

"मग वही म्हण की. घाबरवायलीस कामून?"

*

पहिली पोस्ट मी लिहिली. वाचनाने माणूस कसा घडतो, यावर तीन पानं. सुमंगलाने निमूटपणे टाइप केली. आठवड्याने मी विचारलं, किती जणांनी पाहिली?

"सात."

"बघ, झाली का न्हाई सुरुवात?"

"त्यातले पाच डाव तुम्हीच बघिटलाव, अक्का. सहावी मी."

सातवा कोण, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर मी उपदेश बंद केला. एका वेळी एक पुस्तक, ते नेणारा एक माणूस, दहा ओळी. आणि पोस्ट टाकायची ती बाजाराच्या दिवशी सकाळीच. कारण संतपूरला जाणारी जीप भरेपर्यंत आत बसलेल्यांना फोन बघण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. हे कुठल्या शहाण्याने शिकवलं नाही, मी स्वतः जीपमध्ये बसून शोधून काढलं.

*

शरणप्पा अण्णा म्हणजे आमचे रिटायर पोस्टमन. रोज सकाळी येऊन खिडकीजवळ बसतात. सुमंगलाने त्यांचा वाचतानाचा फोटो काढून तिथल्या तिथे ब्लॉगवर टाकला. फोटो छान होता. अण्णा एखाद्या प्रोफेसरासारखे दिसत होते.

पाच मिनिटांत त्यांचा फोन वाजला. मुलगा कोळारच्या कारखान्यात कामाला आहे, तिथून बोलत होता. इतक्या मोठ्याने, की आम्हालाही ऐकू आलं.

"अप्पा, तुम्ही तर गच्चीवर सोयाबीन राखायलाव म्हणून सांगिटलाव की. मग तिथं कोण हाय?"

"कुणी न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर इथं वाचत बसायला जमायलंय."

तेव्हापासून अण्णांचा फोटो संध्याकाळी, सोयाबीन पोत्यात गेल्यावर टाकायचा, असा नियम झाला.

*

मी मराठीत लिहायचे, सुमंगला तेच कन्नडमध्ये. मजकूर एकच, पण गावाला ते पटेना. मराठीवाल्यांना वाटायचं, कन्नडमध्ये काहीतरी जास्त लिहिलंय. कन्नडवाल्यांना वाटायचं, अक्का मराठीत कुणालातरी शिव्या देत असणार.

दोन्ही बाजूंचे सगळे दोन्ही वाचू लागले. आकडा दुप्पट झाला. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

*

वाचणारे वाढले, पण नेलेलं पुस्तक परत येईना. मुदत पंधरा दिवसांची. मी म्हटलं, लाज वाटल्याशिवाय माणूस हलत नाही. दर बाजाराला मुदत उलटलेल्यांची यादी ब्लॉगवर टाकू. नाव, वडिलांचं नाव, पुस्तक, वर किती दिवस झाले ते.

पहिल्या यादीत चार नावं होती. चौघांनीही ती यादी पाहुण्यारावळ्यांना फॉरवर्ड केली. आमच्याकडे जत्रेच्या बॅनरवर नाव आलं नाही तर लोक वर्षभर बोलत नाहीत. इथं तर इंटरनेटवर, वडिलांच्या नावासकट!

पुढच्या आठवड्यात गिरणीवाली रत्नाबाई आली. "अक्का, पुस्तक वाचून झालंय. पण आत्ता देत न्हाई. किती दिवस ठेवलं की नाव येतंय?"

"लाज न्हाई वाटत?"

"व्हय, वाटायलीय की. जावेचं नाव आलंय, माझं न्हाई."

सुमंगला म्हणाली, यादी बंद करू. मी म्हटलं, गप बस. कपाटावरची धूळ गेलीय, दिसत नाही का तुला?

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी मल्लप्पा टेम्पो घेऊन आले. कपाट उघडलं. आत एकच पुस्तक होतं, कोंबडीपालनाचं.

"बाकीची कुठं गेली?"

"वाचायला."

"समदी?"

मी फोन पुढे केला. त्यांनी यादी उभ्यानेच वाचली. एकेका नावावर बोट ठेवून, वरून खाली, आणि पुन्हा खालून वर. मग ते कोंबडीपालन काखेत मारून निघाले. मी दारात आडवी आले आणि रजिस्टरवर सही घेतली. अध्यक्ष असले म्हणून काय झालं? टेम्पो रिकामा गेला.

सोळा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अक्का, यादी निघाली का?"

"सकाळीच की."

"मग माझं नाव कामून न्हाई?"

"तुमचं पुस्तक काल परत आलं. मुदतीच्या आत. तुमच्या मालकीणबाई घेऊन आल्या होत्या."



"दुसरं नेलं का तिनं?"

"नेलं की."

"कुणाच्या नावावर?"