गुरुजींची तिथी

“वडलांचं डोकं ठिकाणावर आहे एवढं सांगा डॉक्टर, मग हिला पेठला माहेरी सोडून येतो,” श्रीधर म्हणाला.

ही म्हणजे त्याची बायको, सुमन. बिचारी दाराशी उभी होती.

१९८४चा श्रावण. पंचवटीत माझा दवाखाना होता. श्रीधरचे वडील, गुरुजी, घाटावर पूजा सांगायचे. सून जेवायला घालत नाही, असं ते गल्लीभर सांगत सुटले होते. सुमन म्हणायची, आत्ताच पानावरून उठलेत. पण गुरुजी खोटं कसं बोलतील? घरादारानं तिलाच खोटारडी ठरवलं.

मी गुरुजींना तपासलं. बीपी नॉर्मल. वार विचारला, तर म्हणाले पंचांग बघून सांगतो. पाठ असलेलं काही म्हणा म्हटलं, तर पूजेचा संकल्प धाडधाड म्हणून दाखवला. मला संस्कृतचा गंध नाही. मी आपला गार! म्हणालो, यांची मेमरी माझ्यापेक्षा बरी आहे.

सुमन पुढे आली. “डॉक्टर, तो संकल्प नीट ऐका. मामंजी रोज तीच तिथी म्हणतात.”

पूजेआधी आजचं संवत्सर, महिना, तिथी, वार सांगायचा, तो संकल्प. बाकी सगळं पाठ, एवढंच बदलत जातं. मी गुरुजींना पुन्हा म्हणायला लावलं. श्रीधरही भिक्षुकीच करायचा, पण वडलांचं रोजचं म्हणणं कोण कान देऊन ऐकतो? आता ऐकलं आणि बोटांवर वर्षं मोजली.

“हे संवत्सर बावीस वर्षांपूर्वीचं आहे. आणि महिना आश्विन. तेव्हा आई होती.”

मला माझीच लाज वाटली. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. आम्ही ज्याला म्हातारचळ म्हणून सोडून द्यायचो, त्याला त्यांनी अल्झायमर म्हटलं. मेंदू हळूहळू झिजतो. जुनं पाठांतर बरेच दिवस टिकतं, नुकतं झालेलं जेवण मात्र पुसलं जातं. म्हणजे गुरुजीही खोटं बोलत नव्हते. औषध नव्हतं. वाद घालू नका, घाटावर एकटं सोडू नका, एवढंच सांगता आलं.

सुमन माहेरी गेली नाही. श्रीधरनं गल्लीत घरोघरी जाऊन आपली चूक सांगितली.

गुरुजी पुढे चार वर्षं जगले. तक्रार शेवटपर्यंत तीच, सून जेवायला घालत नाही. सांगायचे सुमनलाच, तिच्या हातचा दहीभात खाता खाता. ती म्हणायची, “हो ना, आली की विचारते तिला.”

तेव्हापासून म्हातारा पेशंट आला की मी आधी त्याला वाढणाऱ्या बाईला विचारतो.