शेखसाहेबांचा आवाज आणि नजमाभाभींची अक्षरं

"ढेकर देऊन बोलू? मी?" असं पाटीवर लिहून शेखसाहेबांनी पाटी माझ्या टेबलावर उलटी ठेवली. विषय संपला, असा त्याचा अर्थ.

रज्जाक शेख, वय चौपन्न. एसटीत वाहतूक नियंत्रक. म्हणजे बसस्थानकाच्या खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करणारे आणि माईकवरून गाड्या पुकारणारे. कळंबला सतरा वर्षं. मी स्पीच थेरपिस्ट. धाराशिवच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरी करते आणि दर गुरुवारी कळंबच्या ओपीडीला जाते. परतीच्या गाडीची वाट बघताना त्यांचा आवाज मी कितीतरी वेळा ऐकला होता. "येरमाळामार्गे धाराशिवकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." सावकाश, एकेक अक्षर सुटं. बोलणं हाच माझा धंदा, त्यामुळं माझं लक्ष जायचं. बोलणारा माणूस कोण ते मात्र कधी बघितलं नव्हतं. ओळख झाली तेव्हा आवाज गेलेला होता.

आधी घसा बसला. घोषणा करून बसला असेल म्हणून ज्येष्ठमध चघळण्यात सहा महिने गेले. मग गिळताना कानात ठणका लागायला लागला. तपासलं तर स्वरयंत्राचा कॅन्सर, बराच पुढं गेलेला. सोलापूरला ऑपरेशन करून अख्खं स्वरयंत्र काढलं. नंतर रेडिएशन. ते उरकून शेखसाहेब माझ्याकडं आले होते.

स्वरयंत्र काढल्यावर काय होतं ते सांगते. श्वासनळीचं तोंड गळ्यावर आणून शिवतात. गळ्याला एक कायमचं भोक राहतं, त्याला आम्ही स्टोमा म्हणतो. माणूस तिथून श्वास घेतो. नाकातोंडाचा आणि फुप्फुसाचा संबंध तुटतो. ओठ हलतात, जीभ हलते, पण हवाच येत नाही म्हणून आवाज निघत नाही. मग तीन वाटा असतात. एक, श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये व्हॉल्व्ह बसवणं; तो बदलायला पुन्हा पुन्हा मोठ्या शहरात जावं लागतं. दुसरी, गळ्याला लावायचं बॅटरीचं मशीन. आमच्याकडचं जुनं मशीन मी त्यांच्या गळ्याला लावून दाखवलं, तर त्यांनी लिहिलं, "चक्की." तिसरी वाट म्हणजे तोंडातली हवा अन्ननळीत दाबायची आणि ढेकरेसारखी वर सोडायची. अन्ननळीचा वरचा भाग थरथरतो आणि त्यातून आवाज येतो. खरखरीत, पण स्वतःचा. शिकायला महिने लागतात.

त्यालाच त्यांनी नकार दिला होता.

त्या दिवशीचे ते माझे चौदावे पेशंट होते. उन्हाळा होता, पंखा बंद होता. खरं सांगायचं तर मला वाद घालायचं त्राण नव्हतं. मी म्हणाले, "ठीक आहे, सध्या पाटीवर चालवू." शेजारी त्यांच्या पत्नी नजमाभाभी बसल्या होत्या. त्यांना म्हणाले, "भाभी, हे लिहितील, तुम्ही वाचत जा. जमेल ना?" भाभींनी मान हलवली. मी फाइल मिटली आणि निरोप देताना माझं नेहमीचं वाक्य बोलले, "यातूनही काहीतरी चांगलं निघेल बघा." हे वाक्य मी तेव्हा सगळ्यांनाच म्हणायची. थकले की जास्तच.

तीन आठवड्यांनी भाभी एकट्या आल्या. नंबर आल्यावरही खुर्चीत बसल्या नाहीत. पदराच्या गाठीतून चुरगळलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"मॅडम, ह्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. "भोक बंद झालं. दम नाही. पाण्याचे थेंब सोड."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

मग त्या बसल्या. दुपारी साहेब पलंगावर बसले होते. अचानक छाती वरखाली करायला लागले. तोंड काळंनिळं. पाटी सापडेना म्हणून कॅलेंडरचा कोपरा फाडून त्यावर हे लिहिलं आणि भाभींच्या हातात दिलं.

"म्या बघतच राहिले त्या कागदाकडं," भाभी म्हणाल्या. "मला काय कळंना. ते हातानं असं असं करत्यात, मला वाटलं डाक्टरला बोलव म्हणतेत. कागद घेऊन पळाले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्यानं वाचलं. परत येईस्तवर ह्यांनी खोकून खोकून घट्ट बेडका भाईर काढला होता. भित्तीला टेकून बसले होते. माझ्याकडं बघितलं बी न्हाय."

"भाभी, तुम्हाला वाचता येत नाही?"

"म्या साळंत गेलेच न्हाय. ईट गावात म्हायेर माझं. धाकट्या भावंडांना कुणी सांभाळायचं?"

"मग त्या दिवशी मान का हलवलीत?"

"तुमी घाईत होता," त्या म्हणाल्या. "आन् ह्यांच्या म्होरं कसं सांगू? ह्यांना ठाऊक हाय, पर कुणाम्होरं सांगितल्यालं चालत न्हाय."

यात चूक माझी होती. स्टोमातून येणारी हवा नाकातून गाळून, ओली होऊन येत नाही. उन्हाळ्यात कफ सुकून बूच बसतं. गळ्यावर ओलं फडकं ठेवायचं, सलाईनचे थेंब सोडायचे, हे सगळं आम्ही छापील कागदावर देतो. तो कागद मी भाभींच्याच हातात दिला होता. बत्तीस वर्षं संसार केलेल्या दोन माणसांमध्ये मी एक पाटी ठेवली आणि ती दोघांनाही वाचता येते का, एवढंही नीट विचारलं नाही. वर 'चांगलं निघेल' म्हणाले. ते वाक्य मी त्या दिवसापासून बंद केलं.

थेंब कसे सोडायचे ते मी भाभींना सिरिंज हातात देऊन दाखवलं. त्यांच्याकडून पाच वेळा करून घेतलं. मग त्याच म्हणाल्या, "मला वाचाया शिकवा."

"मला वेळ कुठंय भाभी? आणि मी आठवड्यातून एकदाच येते. साहेब शिकवतील की."

"ते? ते कसं शिकवत्याल? अक्षर काढून दावत्याल, पर त्येला म्हणायचं काय, ते कोण सांगणार?"

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी चमकलं. ढेकरेचा आवाज शिकवताना आम्ही सुरुवात काही ठरावीक अक्षरांपासून करतो. क, त, प. ही अक्षरं उच्चारताना तोंडात हवा दाबली जाते आणि आपोआप अन्ननळीत ढकलली जाते. म्हणजे कफ, पाणी असं वाचायला भाभींना पहिल्यांदा जी अक्षरं लागणार होती, तीच साहेबांना पहिल्यांदा जमणार होती.

पुढच्या गुरुवारी दोघांना एकत्र बसवलं. साहेबांना म्हणाले, "तुम्हाला बोलायचं नाही, ठीक आहे. भाभींना शिकायचंय. क लिहून दाखवाल, पण तो क आहे हे सांगणार कसं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग भाभींकडं. पाटीवर लिहिलं, "शेजारची पोरगी सांगेल."

मी वाचून दाखवल्यावर भाभी म्हणाल्या, "ती उद्या लगीन करून जाईल. मला तुमच्याकडनंच शिकायचंय. बत्तीस वर्सं तुमी बोल्लात, म्या ऐकलं. आता ढेकर द्या न्हायतर काय बी करा, म्या ऐकते."

शेखसाहेबांनी मान खाली घातली.  मी घड्याळ बघितलं नाही, हे माझ्या दृष्टीनं विशेष. मग त्यांनी ओठ मिटले, गाल फुगवले, जसं मी दाखवलं होतं तसं. काही आलं नाही. परत केलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवेची फुस्स. सातव्या-आठव्या वेळी खालून एक बसका, ओबडधोबड आवाज आला.

"क."

भाभी हसल्या नाहीत. त्यांनी पाटीवरच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "क."

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. साहेब मास्तर म्हणून वाईट होते. भाभींनी त आणि न एकसारखे काढले की खडू भिरकावायचे. भाभी माझ्याकडं तक्रार करायच्या, "आता वरडता येत न्हाय, म्हणून खडू फेकतेत." एकदा दोघंही तीन गुरुवार आले नाहीत. फोन केला तर भाभींनी सांगितलं, साहेबांनी आरशात स्वतःला बोलताना बघितलं आणि आरसाच उतरवून ठेवला. ते जेवतही नव्हते. मी "गुरुवारी या," एवढंच म्हणाले. ते आले.

शब्दांची यादी मी ठरवून दिली. कमळ, बदक नको. पाणी, दम, थेंब, कफ, ताप, रक्त. घाईत लागणारे शब्द आधी. भाभींनी पहिला अख्खा शब्द वाचला तो 'कफ'. दिवाळीपर्यंत त्या पाटीवरचं वाक्य बोट फिरवत वाचायला लागल्या. साहेब एका दमात दोन-तीन शब्द बोलायला लागले. घरात दोघं दखनी उर्दू बोलतात, पण अक्षरं मराठी, त्यामुळं धडा मराठीत आणि भांडण दखनीत चालायचं. भाभींच्या मनात इतकं बोलायचं साठलेलं आहे हे साहेबांना तेव्हाच कळलं असावं. पाटीवर त्यांनी मला एकदा लिहून दाखवलं, "ही पूर्वी गप्प होती की मीच बोलत होतो?"  उत्तर त्यांना माहीत होतं.

आमच्या दवाखान्यात कॅन्सर जागृतीचा कार्यक्रम होता. डायरेक्टर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचा तो एसटीवाला पेशंट आहे ना? स्टेजवर आणा. कॅन्सरनं मला काय दिलं, या विषयावर पाच मिनिटं."

"सर, तो एका दमात तीन शब्द बोलतो."

"मग तर जास्तच इफेक्ट येईल. लोकांना पॉझिटिव्ह काहीतरी पाहिजे असतं. बायको शिकली म्हणे त्याची. ते घ्या."

मी विचारते म्हणाले. विचारलं.

शेखसाहेबांनी पाटी घेतली नाही. त्यांनी हवा दाबली. "कॅन्सरनं... काय बी... न्हाय दिलं." थांबले. परत हवा दाबली. "ही... शिकली. तिच्या... डोक्यानं."

भाभी म्हणाल्या, "मॅडम, म्या शिकले ती भ्याले म्हणून शिकले. त्या दिशी हे मेले असते. त्येला चांगलं म्हणायचं व्हय?"

"नका म्हणू," मी म्हणाले.

"पर शिकले त्ये चांगलं झालं," भाभी जरा थांबून म्हणाल्या. "त्ये बी खरं हाय. आता स्टेजवर ह्ये दोन्ही कसं सांगायचं, तुमीच सांगा."

 शेखसाहेब येणार नाहीत, असा मी सरांना निरोप दिला. ते म्हणाले, "तुमचे पेशंट फार अवघड असतात," आणि दुसऱ्या विभागातून कुणीतरी आणलं. कार्यक्रम चांगला झाला. टाळ्याही पडल्या.

शेखसाहेब नंतर कामावर रुजू झाले. माईकवर नाही, नोंदींच्या टेबलावर. प्रवासी खिडकीशी येऊन विचारतात, ते उत्तर देतात. काहींना कळतं, काही जण दचकून बाजूला होतात. याची त्यांना सवय झाली असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही.

यंदा जानेवारीत त्यांच्या मानेला गाठ आली. तपासणीत आजार परतलेला निघाला. आता किमो चालू आहे, सोलापूरला. वजन उतरलंय. हवा दाबायची ताकद कमी झाल्यामुळं आवाज पुन्हा एका शब्दावर आला आहे. पाटी पुन्हा निघाली. फरक इतकाच की ती आता भाभी वाचतात. गेल्या गुरुवारी साहेबांनी काहीतरी लिहिलं, भाभींनी वाचलं आणि दोघंही हसायला लागले. मी विचारलं, काय? भाभींनी पाटी पुसून टाकली. "आमचं हाय," म्हणाल्या.

आमच्या विभागाच्या फॉर्मवर 'थेरपीचा परिणाम' असा रकाना असतो. समाधानकारक किंवा असमाधानकारक, दोनच पर्याय. शेखसाहेबांच्या फॉर्मवर मी कुठंच खूण केलेली नाही. रकाना रिकामा आहे म्हणून फॉर्म ऑफिसमधून दोनदा परत आला. तिसऱ्यांदा येईल तेव्हा बघू. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मला एकच गोष्ट कळली आहे. आजारातून काय चांगलं निघालं हे आपण पेशंटला सांगू नये. त्याला आणि घरच्यांना विचारावं, आणि तेही पूर्ण उत्तर ऐकून घ्यायला वेळ असेल तरच. माझ्या ओपीडीत एका पेशंटला बारा मिनिटं मिळतात, त्यामुळं मी बहुतेक वेळा विचारत नाही.